निदानाआधीच्या फेरीचे भाडे

शेलूचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत गाजले ते गिरणी कामगारांच्या घरांमुळे. मुंबईपासून इतके लांब घर नको, असे कामगारांनी ठणकावून सांगितले. वांगणी आणि नेरळच्या मधल्या या लहानशा स्थानकाभोवतीच्या वाड्यांतील कातकरी-ठाकूर कुटुंबांना मात्र अंतर नाकारण्याची सोय नाही. आजार बळावला की कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि तिथे भागले नाही तर उल्हासनगर, कळवा किंवा थेट शीव.

अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांना शिधापत्रिकेवरचे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. तरीही खोकला महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो. याचे खापर अज्ञानावर फोडणे सोपे आहे. पण वाडीपासून स्थानकापर्यंत रिक्षा, मग लोकल, उतरल्यावर पुन्हा रिक्षा, सोबतीला एक माणूस आणि दोघांची बुडालेली मजुरी, हा हिशेब वीटभट्टीची उचल फेडणाऱ्या माणसाला चांगलाच कळतो.

क्षयामुळे होणारा एकूण खर्च कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर गेला, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला घर कोलमडवणारा खर्च मानते. त्यात प्रवास आणि बुडालेली कमाईही धरली जाते. महाराष्ट्रात ग्रामीण प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा ४४,००० रुपये आहे. म्हणजे ही रेषा फार तर ८,८०० रुपयांवर येते. किमान सहा महिन्यांच्या उपचारात ती ओलांडायला वेळ लागत नाही.

सवलती नाहीत असे नाही. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. रेल्वेत क्षयरोग्याला ७५ टक्के सवलत मिळते, पण डॉक्टरांचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. मेख इथेच आहे. प्रमाणपत्र निदानानंतर मिळते आणि रोग फैलावतो तो निदानाआधीच्या आठवड्यांत. ज्या पहिल्या फेरीने रोग पकडला जाईल, तिलाच सवलत नाही. चाळिशीतल्या खोकणाऱ्या मजुराजवळ आपली गरज सिद्ध करणारा एकच कागद असतो, तो म्हणजे शिधापत्रिका.

रेल्वेने असा विचार एकदा केलाही होता. २००९ मध्ये ‘इज्जत’ पास आला. असंघटित कामगारांना १०० किलोमीटरपर्यंत महिन्याला २५ रुपये. मात्र मासिक उत्पन्न १,५०० रुपयांच्या आत हवे, आणि दारिद्र्यरेषेखालचे कार्ड नसेल तर जिल्हाधिकारी किंवा खासदारांसारख्यांचा दाखला हवा. आजची प्राधान्य कुटुंबाची मर्यादा महिन्याला साधारण ३,६६६ रुपये पडते. शिवाय तो पास रोज कामावर जाणाऱ्यासाठी होता, महिन्यातून दोनदा दवाखाना गाठणाऱ्यासाठी नव्हे.

अमेरिकेत बॉस्टनमध्ये २०१९ साली एमआयटीच्या संशोधकांनी ‘स्नॅप’ या सरकारी अन्नसाहाय्य योजनेच्या लाभार्थ्यांवर एक प्रयोग केला. चिठ्ठी टाकून काहींना निम्म्या भाड्याचे कार्ड दिले. त्यांच्या फेऱ्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्या, आणि दवाखाना व सरकारी सेवांसाठीच्या फेऱ्याही त्यात होत्या. प्रयोग लहान होता, दोन महिन्यांचा. त्यातून कोणाची तब्येत सुधारली, हे सिद्ध होत नाही. पण भाडे उतरले की माणूस दवाखान्याची पायरी चढतो, एवढे त्यातून दिसते. २०२४ पासून त्या शहरात अन्नसाहाय्याच्या आधारे अर्धे भाडे नियमितपणे दिले जाते.

शेलूला त्याची जशीच्या तशी नक्कल उपयोगाची नाही. लोकलचे किमान तिकीट पाच रुपयांचेच आहे. खरी झळ बसते ती स्थानकाच्या अलीकडे आणि पलीकडे. म्हणून सुरुवात एसटीपासून व्हावी. पिवळी किंवा प्राधान्य शिधापत्रिका दाखवली की पुरुषालाही अर्धे तिकीट आणि दवाखान्याचा केसपेपर असेल तर परतीच्या प्रवासात सोबत्यालाही. नवा दाखला नको, नवे कार्ड नको. माथेरानच्या उतारावरच्या ज्या वाड्यांना बसच नाही, तिथे या सवलतीचा काडीचा उपयोग नाही. तिथे आठवड्यातून निदान एक ठरलेली गाडी लागेल. आणि भरपाईचे पैसे सरकारने एसटीला वेळेवर द्यायला हवेत. ते थकले, तर तोट्यातले महामंडळ पहिली कात्री आडवाटेच्या फेरीलाच लावेल.