ग्रॅमीचा मान आणि गायकाचा हक्क

‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला ४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजलिस येथे जागतिक संगीत विभागातील ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि गायक शंकर महादेवन यांचे कौतुक सर्वत्र झाले. हा अल्बम तयार कसा झाला, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. किनवटसारख्या सीमावर्ती तालुक्यातील कलावंतांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते त्याच प्रश्नाला.

महादेवन चेंबूरमध्ये वाढले. श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकले. संगणक क्षेत्रातील नोकरी सोडून ते गाण्याकडे वळले आणि १९९८ मध्ये जावेद अख्तर यांच्या शब्दांवरील ‘ब्रेथलेस’ या पॉप अल्बमने त्यांना घराघरांत पोहोचवले. त्या काळी चित्रपटाबाहेर नाव कमवायचे तर अल्बमला पर्याय नव्हता. आणि अल्बम काढायचा तर मुंबईतील स्टुडिओ व कॅसेट कंपन्यांचे उंबरठे झिजवावे लागत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘धिस मोमेंट’ची घडण वेगळी. करोनाच्या निर्बंधांमुळे जॉन मॅकलॉफ्लिन युरोपात, झाकीर हुसेन अमेरिकेत, तर महादेवन भारतात. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी ध्वनिमुद्रण करून ते एकमेकांना पाठवले. ग्रॅमीच्या योग्यतेचे काम एका छताखाली न येताही होऊ शकते, हे यातून सिद्ध झाले.

अशी साधने आज तालुक्याच्या गावीही आहेत. गोंड-कोलामांची दंडारीची गाणी, बंजारा तांड्यांवरील लेंगी, गावोगावची भीमगीते मोबाइलवर मुद्रित होतात आणि क्षणार्धात दूरवर पोहोचतात. अडचण पुढे आहे. ग्रॅमीविजेत्या अल्बमवर प्रत्येक वादकाचे नाव असते. आपल्याकडील गाण्याखाली बहुधा ‘पारंपरिक’ एवढाच शब्द असतो. गाणे परंपरेचे असले, तरी गाणारा गळा परंपरेचा नसतो. तो कुणा एकाचा असतो.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा पक्का केला की, तो करारानेही सोडून देता येत नाही. ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरात गायक-वादकांचाही वाटा मान्य झाला. परंतु रोख रकमेच्या मोबदल्यात कोऱ्या कागदावर अंगठा उठवणाऱ्याला हा हक्क ठाऊक नसेल, तर तो कागदावरच राहणार.

तेव्हा ग्रॅमीचा आनंद साजरा करताना एवढे तरी व्हावे. प्रत्येक गाण्याखाली गायक, वादक, गीतकार यांची नावे आणि गावे लिहिली जावीत. सही करण्यापूर्वी करार मराठीत वाचून घेतला जावा. जिल्ह्यातील महाविद्यालये आणि सांस्कृतिक संस्था यांनी नावांच्या नोंदीचे काम हाती घ्यावे. पुरस्कार क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो. नाव आणि मोबदला मात्र प्रत्येक गाणाऱ्याचा अधिकार आहे.