पिनकोड मराठीत टाकला तर बिघडलं कुठं?

फॉर्म भरताना मराठी आकड्यांत ५९०००१ टाकून बघा. बऱ्याच ठिकाणी खाली लाल अक्षरं येतात, ‘कृपया योग्य पिनकोड टाका’. अहो, बेळगावचाच पिनकोड आहे! आकडे सहा, पहिला शून्य नाही, सगळं बरोबर. चूक टाकणाऱ्याची नाही, फॉर्ममागच्या कोडमधल्या एका ओळीची आहे. आणि मित्रांनो, ती ओळ लिहिणारी पोरं-पोरी आता आपल्यातलीच आहेत.

त्या ओळीला रेगेक्स म्हणतात. मजकूर कसा असावा, याचा साचा. पिनकोडचा साचा सोपा: पहिला आकडा एक ते नऊ, पुढचे पाच शून्य ते नऊ. पण साच्यात फक्त इंग्रजी आकडे लिहिले की मराठी आकडे दाराबाहेर. ‘कुठलाही आकडा’ म्हणून बॅकस्लॅश डी वापरला तरी भानगड आहेच. जावास्क्रिप्टमध्ये त्यात फक्त इंग्रजी दहा आकडे बसतात. पायथन ३ मध्ये मात्र साध्या स्ट्रिंगवर तेच चिन्ह मराठी, कन्नड, बंगाली सगळे आकडे चालवून घेतं. म्हणजे ब्राउझर हाकलतो आणि सर्व्हर घरात घेतो! घरात घेतलेलं तसंच साठवलं तर आणखी पंचाईत, कारण मराठीतला आणि इंग्रजीतला ५९०००१ डेटाबेसला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. शोधायला जावं तर नोंद सापडत नाही.

‘मग लोकांना इंग्रजीतच टाकायला सांगा की’ हे उत्तर मला पटत नाही. संविधानाच्या कलम ३४३ मध्ये भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप सांगितलंय, मान्य. पण ते संघराज्याच्या शासकीय कामासाठी. आजीनं मोबाईलवर कुठलं बटण दाबावं यासाठी नाही.

साठवा खुशाल इंग्रजीत, पण घेताना मराठीत घ्या. काम चार ओळींचं आहे. युनिकोडमध्ये मराठी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. प्रत्येक मराठी आकड्यातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकडा मिळतो. कन्नड शून्य ३३०२ वर आहे, तिथं ३२५४ वजा करा. आपल्या भागात दोन्ही हवेतच, शेजाऱ्याला दाराबाहेर कशाला ठेवायचं? आधी हे रूपांतर, मग रेगेक्स. क्रम उलटा केला तर सगळं मुसळ केरात.

रकमेचंही तेच. तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम मागणारा आयता साचा उचलला तर आपले १,५०,००० त्यात बसत नाहीत. आणि फोन नंबर संख्या म्हणून साठवू नका, ०८३१ मधलं पहिलं शून्य गायब होतं.

टेस्ट लिहिताना तीन ओळी जास्त घाला: एक पिनकोड मराठीत, एक कन्नडमध्ये, एक मराठी-इंग्रजी मिसळलेला. तिसरा घ्यायचा की नाही हे टीमनं ठरवावं. मी तरी नाकारेन. मराठी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला जवळजवळ सारखेच, मिसळीत कुठला कुठला हे डोळ्यांनाही कळत नाही.