वाइनची पाठशाळा आणि सणसरचा मुक्काम

ज्येष्ठ वद्यात देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते आणि सायंकाळी ती इंदापूर तालुक्यातील सणसरला विसावते. नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या या सोहळ्याची पंगत गावोगाव बसते. भाकरी, पिठले, ठेचा, कांदा असे साधेच जेवण असते. पण गळ्यात तुळशीमाळ घातलेला माळकरी ते प्रसाद म्हणून घेतो. त्याच्या व्रतात मद्याला स्थान नाही.

सणसरच्या अलीकडे, दौंड तालुक्यात, याच वाटेवर रोटीचा घाट लागतो. रोटी गावच्या परिसरात फोर सीझन्स या नावाचा वाइन प्रकल्प उभा आहे. मूळचा तो युनायटेड स्पिरिट्स या बड्या मद्य कंपनीचा. पुढे मालकी बदलली. प्रासादासारख्या इमारतीत पाहुण्यांना वाइन ‘कशी प्यावी’ आणि ‘कशाबरोबर प्यावी’ हे शिकविले जाते. एकाच वाटेवर दोन पंगती आहेत. प्रश्न असा आहे की, यांपैकी संस्कृती कोणती आणि व्यापार कोणता?

पाठशाळेत काय शिकवितात?

विरोध करायचा तर आधी विषय नीट समजून घेतला पाहिजे. वाइनचे रसग्रहण म्हणजे केवळ थोतांड नव्हे. पेला प्रकाशात धरून रंग पाहायचा, तो हलकेच फिरवून गंध मोकळा करायचा, मग घोट जिभेवर घोळवायचा. आंबटपणा किती, गोडी किती, द्राक्षाच्या सालीबियांतून आलेला तुरटपणा किती, हे ओळखायचे. मग अन्नाशी जोडी लावायची. तुरट तांबडी वाइन स्निग्ध मांसाबरोबर, आंबट पांढरी वाइन माशांबरोबर, गोड वाइन त्याहून कमी गोड पदार्थाबरोबर. या नियमांमागे जिभेचा अनुभव आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

परंतु हे नियम आले कुठून? ते कोणा तज्ज्ञाने टेबलाशी बसून ठरविलेले नाहीत. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या मुखाजवळ मुस्कादे ही आंबटसर वाइन होते आणि शेजारच्या समुद्रात कालवे मिळतात. म्हणून त्यांची जोडी जमली. इटलीच्या तोस्काना प्रांतातील कियांती तेथील ऑलिव्ह तेलातल्या, टोमॅटोच्या जेवणाबरोबर शतकानुशतके वाढली. एका मातीत जे पिकते ते एका ताटात शोभते, हे या विद्येचे खरे सूत्र आहे. तेच सूत्र सणसरच्या ताटाला लावले की पाठशाळेचा पाया खचतो.

मिरचीच्या ठेच्याबरोबर बारा-तेरा टक्के मद्यार्काची वाइन घेतली तर तिखटाची आग शमत नाही, उलट भडकते. म्हणूनच या क्षेत्रातील जाणकार भारतीय जेवणाबरोबर गोडसर, कमी तुरट वाइन सुचवितात. याचा साधा अर्थ असा की, जेवणाला साजेशी वाइन सापडत नाही म्हणून तडजोड शोधावी लागते. या तडजोडीलाच अभिरुची म्हणून शिकविले जाते!

घरातली जोडविद्या

ठेच्याची जोडी या मातीने केव्हाच लावून ठेवली आहे. ती ताकाची आहे. दुधातील केसीन हे प्रथिन मिरचीच्या दाहक द्रव्याला धरून ठेवते, हे आजचे विज्ञान सांगते. बारामती-इंदापूरच्या गोठ्यांवर वाढलेल्या माउलींना ते रवीच्या फेऱ्यांतून कळले होते. भोगीला बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीवर लोण्याचा गोळा येतो, कारण थंडीत रूक्ष धान्याला स्निग्धता हवी. पुरणपोळीच्या गोडव्याशेजारी कटाची आमटी तिखट-आंबट असते, आणि ती पुरणाच्याच डाळीच्या पाण्यातून होते. म्हणजे जोडीही जमली आणि काही वायाही गेले नाही. हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी येते. कोकणात माशांच्या जेवणाशेवटी सोलकढी आणि कोल्हापुरात तांबड्या रश्शाला पांढरा रस्सा येतो. प्रत्येक ठिकाणी दाह आणि शमन, तिखट आणि स्निग्ध, ऋतू आणि धान्य यांचा मेळ आहे.

हे शास्त्र नव्हे तर काय? पण त्याला प्रमाणपत्र नाही, प्रवेश शुल्क नाही आणि त्याची बाटली विकता येत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईचा सुशिक्षित तरुण फ्रेंच द्राक्षाच्या चार जातींची नावे बिनचूक उच्चारतो आणि आजीच्या हातच्या ताकात सुंठ का असे, हे त्याला सांगता येत नाही. अभिरुची वाढली असे म्हणतात ती हीच काय?

प्राचीनांचा दाखला

येथे एक चतुर युक्तिवाद हमखास पुढे येतो. आपले पूर्वजही मद्य पीत होते. मग ही सोवळेपणाची भाषा कशाला? या प्रश्नाला डोळे मिटून उत्तर देण्याचे कारण नाही. द्राक्षाचे मद्य या देशाला ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसापासून होणाऱ्या ‘मधु’चा उल्लेख आहे आणि कापिशायन, हारहूरक अशी त्याची प्रदेशवार नावेही आहेत. मद्याला प्रदेशाचे नाव देण्याची रीत युरोपाने शोधून काढली, असे समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

मात्र तेवढेच वाचून थांबू नये. कौटिल्याने मद्याचा विषय सुराध्यक्ष या अधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली ठेवला. कोणाला, किती आणि कोठे विकावे, यावर बंधने घातली. चरकसंहितेने मद्याचे गुण सांगितले आणि मद्यामुळे होणाऱ्या मदात्यय या व्याधीला चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्यायही दिला. मनुस्मृतीने सुरापानाला महापातकांत गणले. पूर्वजांना मद्य माहीत होते आणि माहीत असल्यामुळेच त्यांनी त्याला कुंपण घातले. आजचे वकील त्या कुंपणाविषयी बोलत नाहीत, फक्त मद्याविषयी बोलतात.

शेतकऱ्याच्या खांद्यावरची बंदूक

२७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन महाविकास आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. १०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानात वाइनचे स्वतंत्र कपाट ठेवता येईल, असे ठरले. संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली होती. त्याला तीन महिनेही उलटले नव्हते. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून हे पाऊल, असे समर्थन झाले. वाइन म्हणजे दारू नव्हे, असेही शिवसेनेचे संजय राऊत यांनी सांगून टाकले.

हा दुसरा दावा साध्या गणितात मोडतो. साडेबारा टक्के मद्यार्काच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक पेला घेतला तर त्यात सुमारे १९ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या दीड छोट्या पेगातही, म्हणजे ४५ मिलिलिटरमध्ये, तेवढाच असतो. यकृताला पेल्याचा आकार दिसत नाही.

आता शेतकऱ्याविषयी. इंदापूर तालुक्यात बोरीसारख्या गावांनी द्राक्षात नाव कमावले, ते खाण्याच्या द्राक्षांत. थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस, जम्बो हे वाण वाइनसाठी लावलेले नसतात. वाइनला काबर्ने सॉव्हिन्यों, शिराझ, शेनिन ब्लां असे वेगळे वाण लागतात. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला म्हणून त्या बागेतला माल उचलून उत्तम वाइन होत नाही. अवकाळी पावसाने मणी तडकलेल्या बागाईतदाराच्या दुःखावर सुपरमार्केटातील कपाट हा उतारा नव्हे.

शिवाय हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखले. कारखान्यांच्या भरवशावर नाशिक भागात वाइनच्या वाणांची लागवड वाढली. २००८-०९ च्या मंदीत मागणी आटली, नारायणगावची शातो इंडाज ही नामांकित कंपनी कोसळली आणि अनेक शेतकऱ्यांनी त्याच बागा उपटून काढल्या. वाइनचे द्राक्ष बाजारात नेऊन किलोवर विकता येत नाही. कारखान्याने पाठ फिरवली की बागाईतदार उघडा पडतो. सत्तांतरे होऊनही या उद्योगाला मूल्यवर्धित कराचा परतावा देण्याचे धोरण टिकून राहिले, हेही नोंदविले पाहिजे. येथे दोष एकाच पक्षाच्या माथी मारून कोणालाही हात झटकता येणार नाहीत.

फ्रान्सने काय केले?

वाइनचे माहेरघर ज्याला म्हणतात त्या फ्रान्सने १९९१ मध्ये एव्हँ कायदा करून मद्याच्या जाहिरातींवर कडक निर्बंध घातले. तेथे माणशी वाइनचा खप १९६० च्या दशकापासून निम्म्याहून अधिक घटला आहे. २०२३ मध्ये फ्रान्स सरकारला जादा वाइन नष्ट करण्यासाठी २० कोटी युरोची तरतूद करावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरविले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच संघटनेने मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नसल्याचे सांगितले. युरोप ज्या पेल्यापासून दूर सरकत आहे तो पेला येथे प्रगतीचे चिन्ह म्हणून हाती दिला जात आहे.

खरा प्रश्न कपाटाचा

गावातल्या दारू दुकानाविरुद्ध महाराष्ट्रातील स्त्रियांनी मोठ्या कष्टाने एक हत्यार मिळविले. महिला मतदारांनी बहुमताने ‘आडवी बाटली’ निवडली की दुकान बंद होते. ज्या घरांत पगाराच्या दिवशी चूल उशिरा पेटते, त्या घरांतल्या आयाबहिणी तासन्‌तास रांगेत उभ्या राहून हे मत देतात. उद्या तीच बाटली किराण्याच्या दुकानात, तांदूळ आणि बिस्किटांच्या शेजारी आली तर त्या स्त्रीने काय आडवे करायचे? आई मुलाचा हात धरून जेथे साखर घ्यायला जाते, तेथे मद्याला प्रतिष्ठेची जागा मिळणे हीच या निर्णयातली खरी हानी होती. त्यामुळेच अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि समाजातून विरोध उठला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांना बंदी घालण्यासाठी प्रयत्न करण्याची दिशा राज्याला दिली आहे. तिच्याकडे पाठ करून महसुलाची वाट धरता येत नाही.

तेव्हा समाजाने दोन कामे हाती घ्यावीत. असा प्रस्ताव कोणत्याही सरकारने पुन्हा आणला तर ग्रामसभांनी ठराव करून तो रोखावा आणि द्राक्ष बागाईतदारासाठी शीतगृहे, बेदाणा, रस आणि पीकविमा यांची मागणी लावून धरावी. दुसरे काम घरातले आहे. मुलांना चव शिकवावी, जरूर शिकवावी. ज्वारी आणि बाजरीच्या भाकरीतला फरक, ताज्या आणि मुरलेल्या लोणच्याचा गंध, गुळाच्या रंगावरून त्याची पारख, कोणत्या ऋतूत कशाबरोबर काय खावे याचे कारण, हे सारे ताटावर बसून सांगावे. ज्याची जीभ घरी घडली त्याला सुसंस्कृत होण्यासाठी बाटलीचे बूच काढावे लागत नाही.