खरी हुंडी आणि वटणारी हुंडी

धानाची रोवणी सुरू झाली, की सिंदेवाहीच्या बाजारपेठेतील वर्दळ ओसरते. गिऱ्हाईक बांधीत असते आणि गल्ल्यावर बसलेल्या तरुणाच्या हाती मोबाइल. अशाच एखाद्या दुपारी नातू म्हणतो, ‘‘दादाजी, या खेळातली तलवार विकत घेतली, तर ती कायमची आपली. पुढे विकताही येते. सगळी नोंद ब्लॉकचेनवर असते.’’ दादाजी विचारतात, ‘‘नोंद कोणाच्या वहीत?’’

प्रश्न नेमका आहे, कारण ब्लॉकचेन ही मुळात वहीच होय. पेढीच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर उलट नोंद करून ती दुरुस्त करतात. ब्लॉकचेनची शिस्त तीच. मात्र तिची प्रत एकाच पेढीवर न राहता जगभरातील असंख्य संगणकांवर राहते आणि तिच्या प्रत्येक पानावर मागील पानाची खूण उमटलेली असते. मधले एखादे पान कोणी गुपचूप बदलले, तर पुढील साऱ्या खुणा चुकतात आणि लबाडी उघडी पडते.

या वहीचा एक उपयोग शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात झाला आहे. २०२२ मध्ये एटापल्ली उपविभागात सुमारे ६५,००० जातीचे दाखले ब्लॉकचेनशी जोडून देण्याचे काम हाती घेण्यात आले. प्रत्येक दाखल्याचा अंकीय ठसा पॉलिगॉन या जाळ्यावर नोंदवायचा आणि दाखल्यावर क्यूआर कोड छापायचा, अशी ती योजना. कोड तपासला, की दाखला अस्सल की बनावट ते कळते. येथे दोन गोष्टी जुळून आल्या आहेत. वहीत फेरफार होत नाही, हे एक. आणि दाखला मान्य करणारी कचेरी व महाविद्यालय जागेवर आहेत, हे दुसरे. हुंडी खरी असणे वेगळे आणि ती वटणे वेगळे, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

व्हिडिओ गेममध्ये नेमकी हीच दुसरी बाजू लंगडी पडते. साध्या खेळात पैसे मोजून घेतलेली तलवार किंवा पोशाख सहसा खेळाडूच्या मालकीचा होत नाही. वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. नोंद कंपनीच्या वहीत असते आणि ती कंपनीच्याच मर्जीवर असते. ब्लॉकचेनवाल्यांनी हे दुखणे अचूक हेरले आणि नोंद कंपनीच्या हाताबाहेरील वहीत नेली. हा लाभ खोटा नव्हे. वस्तूचे किती नग निघाले ते सर्वांना दिसते आणि जुना नग दुसऱ्याला विकताही येतो.

परंतु ‘एफ-वन डेल्टा टाइम’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे काय झाले ते पाहावे. मे २०१९ मध्ये त्यातील ‘१-१-१’ नावाची आभासी गाडी एक लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. मार्च २०२२ मध्ये परवान्याची मुदत वाढली नाही आणि खेळ बंद झाला. गाडीची नोंद कोणी पुसली नाही. पण ती चालवायला रस्ताच उरला नाही. कंपनीने मालकांना आपल्या दुसऱ्या खेळातील गाड्या बदली देऊ केल्या, हे तिचे सौजन्य. वहीने तिला त्यासाठी भाग पाडले नव्हते. एका खेळातील तलवार दुसऱ्या खेळात नेता येईल, हे आश्वासनही असेच. दुसऱ्या खेळाच्या कर्त्याने ती तलवार मुद्दाम घडवून घ्यावी लागते, आणि परक्या दुकानाचे कूपन आपल्या गल्ल्यावर कोण घेतो?

‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ या व्हिएतनामी कंपनीच्या खेळाची कथा अधिक बोलकी आहे. खेळ सुरू करायला तीन आभासी प्राणी विकत घ्यावे लागत आणि खेळून मिळणारे टोकन बाजारात विकता येई. २०२१ मध्ये फिलिपिन्समधील कित्येक कुटुंबांनी त्यावर घर चालवले. ज्यांना प्राणी परवडत नसत, त्यांना धनिक लोक ते वाट्याने देत. मात्र टोकनला भाव होता तो नवे खेळाडू पैसे घेऊन येत होते म्हणून. त्यांचा ओघ आटला आणि २०२१ च्या जुलैत तीस सेंटच्या वर गेलेले टोकन पुढील वर्षी एका सेंटच्याही खाली आले. त्यातच मार्च २०२२ मध्ये खेळाच्या जाळ्यातून साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीस गेली. तिजोरीला नऊ किल्ल्या होत्या आणि व्यवहारास पाच पुरत. चोरांनी पाच मिळवल्या; त्यांतील चार एकाच कंपनीच्या ताब्यात होत्या. असंख्य संगणकांवरील वहीची ख्याती सांगायची आणि किल्ल्या मोजक्या हातांत ठेवायच्या, असा हा कारभार.

भारतीय कुटुंबाला कराचा हिशेबही मांडावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च त्यातून वजा होत नाही आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून कापता येत नाही. दुकानाच्या हिशेबाची सवय असलेल्याला हे विचित्र वाटेल, पण कायदा तसा आहे. शिवाय पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे. तेव्हा खेळ कोणत्या प्रकारात मोडतो, हे आधी पाहणे आले.

दादाजींचा पुढचा प्रश्न तलवारीच्या किमतीचा नसतो. ‘‘खेळ बंद पडला तर काय देणार, ते कुठे लिहिले आहे?’’ नातू अटींचे पान उघडतो. पान इंग्रजीत आहे आणि बोटाने सरकवत नेले तरी संपत नाही. दादाजी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवतात.

‘‘वाच. सावकाश वाच.’’