जहाज पाण्यातच घासलं, पण निघालेली घाण कुणी उचलायची?

पाचाडवरून रायगड दिसतो, समुद्र नाही. तरी हा विषय आमच्यापासून लांबचा नाही; महाडची सावित्री बाणकोटच्या खाडीतूनच समुद्राला मिळते.

जहाजाच्या बुडावर आधी शेवाळी थर, मग बार्नेकल आणि शिंपले चिकटतात. घर्षण वाढतं, इंधन जास्त जळतं. कोकणातली होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून खरवडता येते. कंटेनर जहाजाला ड्राय डॉक लागतो, तोही काही वर्षांतून एकदा. म्हणून मधल्या काळात पाणबुडे किंवा कॅमेरा-ब्रशवाले रोबो ते तरंगतानाच घासतात.

पण खरवडलेलं सगळं बंदरातच पडतं. विषारी रंगाचे कण, परदेशी जीव, सगळंच. मध्य अमेरिकेकडचा मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात सापडला, पुढे मुंबईतही. १९९९ मध्ये तोच ऑस्ट्रेलियात डार्विनला दिसला, तेव्हा त्यांनी बोटींच्या गोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. तिथे तो संपला. आपल्या उघड्या खाड्यांत असं करणार कसं?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, पण ती ऐच्छिक आहेत. माझं म्हणणं, निघालेली घाण तिथल्या तिथे शोषून गाळणारा रोबो नसेल तर घासायची परवानगीच देऊ नये. महाग पडेल, पडू दे. वाढवणला नवं बंदर होतंय. तिथे ही अट पहिल्या दिवसापासून घालता येईल.