दाराला कडी हवी

साताऱ्याहून सांगलीला एस.टी.ने निघायचे असले की आपल्या घरच्या बायका सकाळपासून पाणी टाळतात. वाटेतल्या स्टँडवर आत जाता येईल की नाही, कुणी सांगावे? पुढे मिरजेच्या दर्ग्यात जाऊन जोहरची नमाज पढायची, तर इस्तिंजाला पाणी हवे, वुजूला आडोसा हवा. पुरुषांचे कसेही भागते.

याच दारापाशी हल्ली दुसरा वाद उभा राहिला आहे. कोणी तृतीयपंथी महिलांच्या शौचालयात आली तर आमच्या पर्द्याचे काय? असे विचारणाऱ्या भगिनींना आम्ही मागास म्हणणार नाही. हया ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण त्या व्यक्तीने जायचे कुठे? पुरुषांच्या बाजूला तिची काय गत होते, हे आपण जाणतो. सांगलीत तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटना आहे. हे लोक कुठल्या परक्या मुलखातले नाहीत.

कायदाही यावर एका सुरात बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र शौचालये करा म्हटले. केंद्राच्या 2017 च्या स्वच्छ भारत मार्गदर्शिकेने म्हटले, त्यांना पुरुषांचे वा महिलांचे, हवे ते वापरू द्या.

आपल्या बुजुर्गांनीही हा विषय टाळला नव्हता. हनफी फिकहच्या ‘हिदाया’त खुन्साचे वेगळे प्रकरण आहे. जमातीत त्याची जागा पुरुषांच्या सफीमागे आणि स्त्रियांच्या सफीपुढे. खुन्सा म्हणजे जन्मतःच देहाने संदिग्ध. आजचे सगळे तृतीयपंथी त्यात बसत नाहीत, हे खरे. तरी जागा दिली होती, दार लावले नव्हते.

आम्हाला वाटते, महिलांचे शौचालय महिलांचेच राहावे. त्याच्या शेजारी दोन-तीन सुट्या खोल्या असाव्यात, थेट अंगणात उघडणाऱ्या. पूर्ण उंचीचे दार, आतून कडी, नळ, टमरेल, दिवा. पाटीवर फक्त ‘शौचालय’. तृतीयपंथी जाईल आणि कुणी बोट दाखवणार नाही. शिवाय म्हाताऱ्या अब्बांना धरून दवाखान्यात आलेली लेक आज कुठल्या पाटीखाली जाते? अपंग तरुण मुलाची अम्मी? त्यांचीही सोय होईल. नुसती ‘तृतीयपंथीयांसाठी’ अशी पाटी लावलेली खोली मात्र लहान गावात कुलपातच राहील, अशी आम्हाला भीती आहे.

‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी रस्त्यांवर स्वच्छ शौचालये उभारायला सांगितले. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आहे; सातारा नगरपालिका. पण साताऱ्याच्या बाईची निकड काही वेगळी नाही.

दोन्ही जिल्ह्यांतल्या वाचकांनी आपल्या गावच्या स्टँडचे जरूर कळवावे: कडी लागते का, नळाला पाणी असते का, आणि रात्री कुलूप किती वाजता पडते.