विश्लेषण : राग ओळखता येत नाहीत? तरीही ‘सवाई’ला जा, गाण्याशिवाय तिथे काय काय असतं?

डिसेंबर उजाडला की पुण्यात एक प्रश्न हमखास कानावर पडतो, ‘सवाईला येणार का?’ आणि त्याचं एक उत्तरही ठरलेलं असतं, ‘आपल्याला कुठे राग कळतात!’ हे उत्तर देणाऱ्यांत पंचविशी-तिशीतले, नोकरीसाठी बाहेरगावाहून पुण्यात आलेले पुष्कळ जण असतात. महोत्सव त्यांना भेटतो तो दुसऱ्या दिवशीच्या बातमीतून. त्या बातमीत, अगदी आमच्याही, कोण गायलं, कोणता राग आणि साथीला कोण एवढंच असतं. म्हणजे ज्याला आधीच कळतं त्याच्यासाठीची बातमी. प्रत्यक्षात सवाई रंगमंचाबाहेरही बराच पसरलेला असतो आणि नवख्या माणसाने आत शिरायचं दार तेच आहे.

थोडी पार्श्वभूमी

किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. त्यांचे शिष्य पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. आयोजन आर्य संगीत प्रसारक मंडळाचं. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यानंतर त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं. वर्षानुवर्षं शनिवार पेठेत रमणबाग शाळेच्या मैदानावर होणारा सवाई २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. २०२४ मध्ये त्याचं ७०वं वर्ष होतं.

सकाळी शिवाजीनगरला काय चालतं?

मुकुंदनगरचा मंडप सगळ्यांना माहीत असतो. गणेशखिंड रस्त्यावर राहुल थिएटरजवळचं सवाई गंधर्व स्मारक मात्र अनेक पुणेकरांनीही आतून पाहिलेलं नसतं. महोत्सवाच्या दिवसांत तिथे सकाळी दोन उपक्रम होतात. ‘षड्ज’मध्ये संगीतावरचे आणि कलाकारांवरचे माहितीपट दाखवले जातात, तर ‘अंतरंग’मध्ये कलाकारांशी गप्पा होतात. प्रवेश विनामूल्य असतो. सीझन तिकीट परवडत नसेल किंवा मिळालंच नसेल, तरी इथे कुणी अडवत नाही.

माहितीपट पाहून राग कळायला लागतात का? नाही. पण त्यामुळे गायकाची भीती जाते, आणि अडचण बहुतेक वेळा रागाची नसून या भीतीचीच असते. भीमसेन जोशींवर गुलजार यांनी, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावर नंदन कुध्याडी यांनी (‘रसयात्रा’) आणि किशोरी आमोणकरांवर अमोल पालेकर व संध्या गोखले यांनी (‘भिन्न षड्ज’) केलेले माहितीपट आठवून पाहा. त्यांत गाण्याबरोबर गाणारा माणूसही भेटतो. तो शिकला कसा, कुणाच्या घरी राहिला, कशावर अडून बसतो, कशावर हसतो. एखाद्याशी अशी ओळख झाली की त्याच्या परंपरेतलं तासभराचं गाणं ऐकायला बसणं सोपं जातं. क्रिकेटचे नियम आपण पुस्तक वाचून शिकलो नाही. आधी एक आवडता खेळाडू मिळाला, एलबीडब्ल्यू त्यानंतर कळलं.

चेन्नईकरांनी हे फार आधी ओळखलं. तिथल्या मार्गळी हंगामात म्युझिक अकादमीत संध्याकाळी मैफली, तर सकाळी सप्रयोग व्याख्यानं होतात. एखादा राग, एखादी रचना किंवा वाद्य बांधण्याची एखादी पद्धत घेऊन जाणकार बोलतात आणि गाऊन-वाजवून दाखवतात. वर्तमानपत्रं त्यांचेही वृत्तान्त छापतात. आपल्याकडे ‘अंतरंग’मधल्या एखाद्या ज्येष्ठ कलाकाराच्या मुलाखतीला चार ओळींची चौकट मिळाली तरी पुष्कळ. हे बदलायला हवं आणि त्याची सुरुवात माध्यमांनी करायला हवी. आयोजकांकडेही एक मागणी आहे. कामाच्या दिवशी सकाळी नोकरदार येणार कसा? निदान एक ‘अंतरंग’ सुट्टीच्या दिवशी मुकुंदनगरच्या मंडपातच घेता येईल. त्या गप्पांचं चित्रीकरण मराठी सबटायटल्ससह फोनवर आलं, तर रत्नागिरी-नांदेडचा विद्यार्थीही ते पाहील.

मंडपात गेलात तर

सगळ्यात आधी छायाचित्रं. छायाचित्रकार सतीश पाकणीकर यांनी गेली अनेक दशकं या मंचावरचे कलाकार टिपले आहेत आणि महोत्सवातली त्यांची प्रदर्शनं अनेकांच्या आठवणीत आहेत. मंडपात असं प्रदर्शन असेल तर गर्दी वाढण्याआधी तिथे जा आणि चेहऱ्यांइतकंच हातांकडे बघा. ख्याल गाणाऱ्याचा हात हवेत काय काढतो, हे प्रत्यक्ष मैफलीत लांबून दिसत नाही, फोटोत दिसतं.

मग पुस्तकं आणि ध्वनिमुद्रणांचे स्टॉल. तिथे काही विकत घेतलंच पाहिजे असं नाही. दोन ज्येष्ठ श्रोत्यांच्या शेजारी पाच मिनिटं उभं राहिलं, तरी कोणत्या साली कोण कसं गायलं याचा वाद फुकटात ऐकायला मिळतो. खाण्याच्या स्टॉलबद्दल पुणेकरांना सांगायची गरज नाही. एवढंच, की गाणं रंगात आलेलं असताना कुरकुरणारी पिशवी आत नेऊ नका. सवाईत खाणं चुकीचं आहे असं नाक मुरडणारेही असतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. सहा-सात तास बसणाऱ्या माणसाला चहा लागतोच.

बसायचं कुठे? खुर्चीपेक्षा भारतीय बैठकीत ओळखी लवकर होतात. सतरंजी, शाल आणि पाण्याची बाटली घ्या. डिसेंबरात उघड्या मैदानातला मंडप सूर्य मावळताच गार पडतो.

आता एक सूचना, खास इंजिनीअरिंग झालेल्यांसाठी. एक कलाकार उठून दुसरा बसेपर्यंतच्या वेळात बहुतेक जण रांगेत उभे असतात. त्या वेळी एकदा जागेवरच थांबून तंबोरे जुळताना बघा. चार तारा असतात. मधल्या दोन एकाच स्वराला, शेवटची त्याच षड्जाच्या खालच्या सप्तकात आणि पहिली बहुधा पंचमाला. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एक बारीक तुकडा असतो. तो केसभर सरकला तरी सगळा नाद बदलतो, कारण तार घोडीला कुठे आणि किती स्पर्श करते हे बदलतं आणि त्याबरोबर वरच्या स्वरांशांचं प्रमाणही. यालाच जवारी लागणं म्हणतात. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागचं कसब हेच आहे.

दहा वाजता कार्यक्रम का थांबतो?

एकेकाळी सवाई रात्रभर चालायचा. आता रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी १२ वाजेपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणून सवाईचा शनिवार साधारणपणे मध्यरात्रीपर्यंत चालतो, बाकीचे दिवस दहाला संपतात. याचा दुसरा अर्थ असा की गाणं दुपारीच सुरू होतं आणि ऑफिस सुटल्यावर निघणाऱ्याचा अर्धा दिवस हुकतो. एकच दिवस जमणार असेल तर शनिवार निवडा.

जायचं कसं? सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटचं भुयारी स्थानक सुरू झाल्यापासून शिवाजीनगर ते स्वारगेट सलग मेट्रो आहे. सकाळी स्मारकात आणि दुपारी मंडपात, हा बेत त्यामुळे एका दिवसात बसतो. स्वारगेटहून मुकुंदनगरला रिक्षा किंवा थोडी पायपीट. गाडी नेली तर पार्किंग शोधण्यात एक राग जाईल.

मंडपात बसलात की फोन सायलेंट करून खिशात ठेवा. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग चालत नाही, आणि चालत असतं तरी मागच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तुमचा उजळलेला स्क्रीन कशाला?

शेवटच्या दिवशी जाणार असाल तर मधेच उठू नका. समारोपाला सवाई गंधर्वांचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकवण्याची प्रथा आहे. मंचावर कुणीही नसतं, टाळी कुणासाठी द्यायची हेही पटकन कळत नाही. अनेक जण तोपर्यंत गाडी काढायला निघालेले असतात.